हिमालय वाढतो म्हणजे नेमकं काय होतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला. त्यामुळे आज ‘भूकंप आणि पर्वत’ हा विषय घेऊन उभं राहताना थोडी धास्ती वाटते. भूगोलाच्या शिक्षकासमोर गोळाबेरीज बोलून भागत नाही, कुठे आणि किती हे सांगावंच लागतं. तेव्हा सुरुवात एका ठिकाणापासून आणि एका आकड्यापासून करतो.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं असताना नेपाळमध्ये गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ जमिनीखाली खडक तुटायला लागला आणि पूर्वेकडे तुटत गेला. सुमारे दीडशे किलोमीटर, मिनिटाच्या आत. तीव्रता ७.८. जवळपास नऊ हजार माणसं गेली. पुढच्या आठवड्यात उपग्रहांच्या रडारने टिपलेल्या जमिनीच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा शास्त्रज्ञांनी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. काठमांडूचं खोरं जवळपास एक मीटर वर उचललं गेलं होतं. त्याच्या उत्तरेला, जिथे लांगटांगची हिमशिखरं आहेत, तिथली जमीन अर्धा मीटर किंवा त्याहून थोडी जास्त खाली गेली होती.

आपण शाळेत काय शिकलो? भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकतो, आशियाला धडकतो, त्या रेट्याने हिमालय उंच होतो, आणि त्याच रेट्याने भूकंपही होतात. ही दोन विधानं जोडली की निष्कर्ष सरळ निघतो : भूकंप झाला, म्हणजे हिमालय उंच व्हायला हवा. इथे दरी उचलली गेली आणि शिखरं खचली. मग शाळेत शिकवलेलं चूक का? चूक नाही, पण त्यातली मधली बरीच पानं गाळलेली आहेत. आज ती पानं वाचायची आहेत.

भूकंपाने डोंगर वाढतो, ही कल्पना डोळ्यांनी पाहून मांडणारा पहिला मोठा माणूस चार्ल्स डार्विन. त्याचं नाव घेतलं की आपल्याला माकडं आठवतात, पण बीगल जहाजावर असताना तो स्वतःला आधी भूवैज्ञानिक समजत होता. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीमधल्या वाल्दिव्हियाजवळच्या रानात तो विश्रांतीसाठी आडवा पडलेला असताना भूकंप झाला. दोन आठवड्यांनी जहाज कन्सेप्सियोनला पोचलं तेव्हा शहर जमीनदोस्त झालेलं दिसलं, आणि बंदरावरून तर समुद्राच्या लाटाही फिरून गेल्या होत्या. पण शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली ती जवळच्या सांता मारिया बेटावर. बीगलचा कप्तान फिट्झरॉय मोजमापाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होता. खडकांना चिकटलेले शिंपले भरतीच्या रेषेच्या वर येऊन मेलेले, सडत असलेले त्याला दिसले. त्याने उंची मोजली. बेटाच्या दक्षिण टोकाला आठ फूट, उत्तर टोकाला दहा फूट. काही मिनिटांत एक अख्खं बेट समुद्रातून तेवढं वर आलं होतं.

डार्विनने यापूर्वी वालपरायझोच्या टेकड्यांवर तेराशे फुटांवर समुद्री शिंपले पाहिले होते. भूकंपानंतर पुढच्याच महिन्यात, अँडीज ओलांडताना उस्पायाता रांगेत सात हजार फुटांवर दगड झालेली झाडं त्याला सापडली. एकेकाळी ही झाडं समुद्रकाठी उभी होती, मग पाण्याखाली गेली, आणि आता ती इतक्या उंचीवर. त्याने हिशेब जुळवला : एका भूकंपाला आठ-दहा फूट, असे हजारो भूकंप आणि भरपूर काळ, की झाला अँडीज तयार. विलक्षण झेप होती ती. त्या काळातल्या अनेक विद्वानांची समजूत अशी होती, की पर्वत एखाद्या प्रचंड उलथापालथीत एकदमच वर येतात. सव्वीस वर्षांचा हा तरुण म्हणत होता, की नाही, ते हप्त्याहप्त्याने येतात.

हा हिशेब बरोबर होता का? याचं उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षं लागली. १८३५ नंतर सांता मारिया बेट हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता, पुन्हा खाली जाऊ लागलं. जुने सागरी नकाशे आणि त्यांत नोंदलेली पाण्याची खोली ताडून पाहिल्यावर कळलं, की ते सुमारे दीड मीटर खचलं होतं. मग २७ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच किनाऱ्यावर ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि बेट पुन्हा दीड ते दोन मीटर वर आलं. म्हणजे एकदा जमा झालेलं बहुतेक सगळं दोन भूकंपांमधल्या काळात परत गेलं. कायमचा शिल्लक राहिला तो त्यातला दहावा-पाचवा हिस्सा. डार्विनने जमा अचूक टिपली, खर्चाची बाजू त्याला दिसणं शक्य नव्हतं. आणि पर्वतांचं सगळं शास्त्र या जमाखर्चात आहे. हा शब्द मी आज पुन्हा वापरणार आहे.

आता आपल्या अंगणातला पर्वत, हिमालय. तो मुळात का आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण हा भाग तुम्हाला माहीत आहे. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंड सरकतात असं मांडलं आणि बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फावर तो मरण पावला तेव्हाही त्याचा सिद्धांत वाऱ्यावरच होता. पण एमिल आर्गां नावाच्या स्विस भूवैज्ञानिकाने विसाच्या दशकातच सांगितलं होतं, की हिमालय आणि तिबेट समजायचे असतील तर भारत आशियाच्या खाली घुसलेला आहे हे मान्य करावं लागेल. १९३६ साली दुसरा स्विस, ऑगस्टो गान्सर, यात्रेकरूचा वेश घेऊन चोरून तिबेटात शिरला, कैलासाची परिक्रमा करता करता खडक तपासत गेला, आणि त्या परिसरात त्याला असे गडद हिरवट खडक मिळाले की जे महासागराच्या तळाशीच तयार होतात. टेथिस समुद्राचा तो उरलेला तळ होता, दोन खंडांच्या सांध्यात चिमटलेला. कैलासाची परिक्रमा आजवर असंख्य लोकांनी केली, पण त्या परिक्रमेत समुद्र सापडलेला माणूस बहुधा हा एकच!

टक्कर सुरू झाली ती सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी भारताचा भूपट्ट वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेला येत होता. भूपट्टांच्या दुनियेत ही धावच म्हणायची. धडकेनंतर वेग मंदावला, आज तो आशियाच्या तुलनेत चार-पाच सेंटिमीटर आहे. त्यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात जिरतात, बाकीचे तिबेट आणि त्याच्या पलीकडच्या रांगांमध्ये. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड चुनखडक आहे. ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला, आणि त्यात त्या समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म आहेत.

इथे मला एका जुन्या भांडणाकडे वळायचं आहे. पर्वत किती उंच हे सगळे विचारतात. पर्वत किती खोल, हा प्रश्न पहिल्यांदा भारतात विचारला गेला, आणि तो विचारायला लावला गवंड्याच्या ओळंब्याने.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारताची महासर्वेक्षण मोहीम चालू होती. जॉर्ज एव्हरेस्टने मध्य भारतातलं सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तरेत मुजफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं. एक जमिनीवर त्रिकोण मापत, दुसरं आकाशातल्या ताऱ्यांवरून. दोन उत्तरांमध्ये फरक पडला ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे कोनाच्या सेकंदांचा. जमिनीवर तो दीडशे मीटरच्या आसपास भरतो. सुमारे सहाशे किलोमीटरमागे एवढी चूक तुम्ही-आम्ही सहज पोटात घातली असती. सर्वेक्षणवाल्यांना झोप लागेना.

संशय गेला हिमालयावर. ताऱ्यांचा वेध घेताना उभी दिशा ओळंब्यावरून ठरवतात, आणि हिमालयासारखा प्रचंड ढीग शेजारी असेल तर त्याचं गुरुत्वाकर्षण ओळंब्याला बाजूला ओढणार. कलियाना हिमालयाच्या जवळ, कल्याणपूर लांब. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असले तरी गणिती होते. त्यांनी हिमालयाचं आणि त्यामागच्या पठाराचं वस्तुमान अंदाजून गणित केलं. फरक किती पडायला हवा? १५.८८५ सेकंद. म्हणजे प्रत्यक्षात दिसला त्याच्या तिप्पट! कोडं सुटण्याऐवजी उलटं झालं. प्रश्न असा झाला, की ओळंबा इतका कमी का कलला? एवढा मोठा पर्वत आणि त्याची ओढ एवढीशी?

१८५५ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे, भूकवचाखालच्या जड प्रावरणात रुतलेलं. वर जास्तीचं वजन आहे, खाली तेवढीच तूट आहे. प्रॅटना हे पटलं नाही. त्यांनी घनतेच्या फरकाचा दुसरा मार्ग सांगितला. भूकंपलहरींनी पुढे जे दाखवलं ते हिमालयापुरतं तरी एअरींच्या बाजूचं निघालं. भारतीय मैदानाखाली भूकवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड आहे, तिबेटखाली ते सत्तर किलोमीटरच्या घरात जातं. या तोलाला समस्थायित्व म्हणतात. शब्द जड आहे, पण त्याचा परिणाम पुढे फार उपयोगी पडणार आहे. वरून शंभर मीटर खडक सगळीकडे सारखा झिजला, तर मुळाखालून सुमारे ऐंशी मीटर परत वर येतं. पर्वताची उंची झिजून संपायला म्हणूनच कोट्यवधी वर्षं लागतात.

आता गोरखाचं कोडं सोडवू.

हिमालयाच्या पोटात, उत्तरेकडे उतरत जाणारा एक विस्तीर्ण विभंग, म्हणजे खडकातली सरकती भेग, आहे. त्याचा उतार फार कमी आहे, सात ते दहा अंश. त्याच्या खाली भारताचा भूपट्ट, वर हिमालय. शिवालिकच्या पायथ्यापासून मोठ्या हिमशिखरांच्या खालपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर रुंदीत, ही दोन अंगं एकमेकांत घट्ट अडकलेली आहेत. त्याच्या उत्तरेला, खोलवर, खडक इतका तापलेला आहे की तो न तुटता सरकत राहतो. तेव्हा दोन भूकंपांच्या मधल्या काळात काय होतं ते पाहा. खोल भाग वर्षाला दोन सेंटिमीटरने पुढे येतो, अडकलेला भाग हलत नाही. या दोहोंची हद्द नेमकी उंच शिखरांच्या खाली आहे. तिथला खडक दाबला जातो, फुगतो आणि शिखरं वर्षाला काही मिलिमीटर वर चढतात. गिर्यारोहकांच्या आवडत्या वाक्यातला ‘दरवर्षी वाढणारा हिमालय’ तो हा. पण ही वाढ उसनवारीची आहे. खडक वाकून, ताण साठवून ती आलेली असते.

भूकंपात अडकलेला भाग सुटतो आणि काही मीटर दक्षिणेकडे झेपावतो. पुढचं अंग विभंगावरून वर चढतं. मागचं अंग ताणलं जातं आणि बसतं. काठमांडू पुढच्या अंगावर होतं, ते वर आलं. लांगटांग मागच्या अंगावर होतं, त्याने शतकाचं उसनं एका मिनिटात फेडलं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीडने साठलेला ताण आणि उसळी यांची जी मांडणी केली, तिचाच हा आडवा अवतार. एव्हरेस्टबद्दल तेव्हा बऱ्याच बातम्या उठल्या, म्हणून सांगतो. चिनी सर्वेक्षकांच्या मापानुसार ते तीन सेंटिमीटर नैर्ऋत्येला सरकलं, उंचीत फरक पडला नाही. नेपाळ आणि चीनने ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. महासर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदार यांनी १८५२ साली त्रिकोणमितीने काढलेल्या आणि १८५६ साली जाहीर झालेल्या २९,००२ फुटांपासून हे फार लांब नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिखरापासून शेकडो किलोमीटरवर, मैदानात बसून केलेली ती आकडेमोड आहे. मला त्या माणसाबद्दल आजही आदर वाटतो.

मग कायमची वाढ येते कुठून? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे हा विभंग सगळीकडे सारखा सपाट नाही. मोठ्या शिखरांच्या खाली तो अधिक चढा होतो, आणि त्या चढावरून सरकणारा खडक प्रत्येक फेरीत थोडा वर जातो. उसनं फिटल्यावरही ही वाढ टिकते. दुसरं ठिकाण अगदी पायथ्याला आहे. गोरखाचा भूकंप काठमांडूच्या खालीच थांबला, जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोचला नाही. काही भूकंप पोचतात. १५ जानेवारी १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप पोचला होता, पण हे कळायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. नेपाळच्या दक्षिणेला, शिवालिकच्या पायथ्याशी सर खोला नावाच्या नदीकाठी शास्त्रज्ञांनी चर खणले, मातीच्या थरांतल्या कोळशाचं वय काढलं आणि १९३४ ची फाट सापडली. त्याखाली आणखी एक जुनी फाट होती, १२५५ च्या भूकंपाची. नेपाळच्या इतिहासात तो भूकंप राजा अभय मल्लाच्या मृत्यूसाठी लक्षात आहे. सगळ्यात पुढची, सगळ्यात तरुण शिवालिक रांग अशा पृष्ठभाग फोडणाऱ्या भूकंपांनी पायरीपायरीने उभी राहिली आहे.

१९३४ चा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. बिहारमधला तो विध्वंस अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला, की नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटवणं लोकांच्या विचारशक्तीला घातक आहे. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला आणि त्याला उत्तरही दिलं. माझं मत विचाराल तर वादात रवींद्रनाथ बरोबर होते, आणि विरोधी लेख स्वतःच्या पत्रात छापण्यात गांधीजी मोठे होते. आज दोन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्या आहेत. असो.

खर्चाच्या बाजूकडे येऊ. ती बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

१२ मे २००८ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात, तिबेटच्या पूर्व कडेवरच्या लाँगमेनशान रांगेत ७.९ तीव्रतेचा वेनचुआन भूकंप झाला. सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. या भूकंपाने पर्वताला किती घनफळ दिलं ते उपग्रहांवरून मोजता आलं : अडीच घनकिलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या एका गटाने त्याच भूकंपात कोसळलेल्या दरडी उपग्रहचित्रांवरून एकेक करून मोजल्या. छप्पन हजारांहून जास्त भरल्या. त्यांचं घनफळ काढलं तर पाच ते पंधरा घनकिलोमीटर! २०११ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ माजली, कारण अर्थ असा होत होता की या भूकंपाने पर्वत बांधला त्याहून जास्त पाडला. नंतरच्या, अधिक बारकाईच्या मोजणीत दरडींचा आकडा बराच खाली आला, जवळपास जमेइतका. पण जमेइतका म्हणजेसुद्धा शिल्लक शून्य. काही तज्ज्ञ यावर म्हणतात, की कोसळलेला माल अजून दऱ्यांतच पडून आहे, नद्यांनी तो वाहून नेईपर्यंत पर्वताचा तोटा झाला असं म्हणता येत नाही. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. खर्च लिहिला जातो दरड कोसळताना, पैसे जातात नदीच्या हातून.

नदी ते कसे नेते, हे आसामने पाहिलं. १५ ऑगस्ट १९५०, संध्याकाळ. देश स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा करत असताना अरुणाचल-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर झालेला आणि उपकरणांनी नोंदलेला एवढा मोठा भूकंप दुसरा नाही. ब्रिटिश वनस्पतिसंग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड आणि त्यांची पत्नी त्या वेळी केंद्राजवळच रिमा इथे तंबूत होती, आणि दोघंही वाचली. डोंगरांवरून दरडींचा लोट आला. सुबनसिरी नदी दरडीने अडली, काही दिवसांनी बांध फुटला आणि त्या पुरात पाचशेहून अधिक माणसं वाहून गेली. भूकंपाने मारली नाहीत त्यांना भूकंपाच्या दरडीने मारलं. पण याहून दूरगामी गोष्ट संथपणे घडली. तो सगळा गाळ ब्रह्मपुत्रेत उतरला, दिब्रुगडजवळ नदीचं पात्र काही वर्षांत मीटरांच्या हिशेबात वर आलं, आणि नदीने शहर कुरतडायला सुरुवात केली. आसामच्या पुरांवर बोलताना पाऊस, जंगलतोड, बंधारे या सगळ्यांची नावं येतात. १९५० चं नाव क्वचितच येतं.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात गाळ समुद्राकडे नेतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी तो पसरला आहे, श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर. काही ठिकाणी त्याची जाडी सोळा किलोमीटर आहे. हिमालयाचं वस्तुमान मोजायला निघालात आणि फक्त शिखरं मोजलीत, तर पर्वताचा एक मोठा भाग हिशेबाबाहेर राहिला असं समजा.

तरी गंमत अशी, की हा खर्चच उलटून जमा होतो. एअरींचं मूळ आठवा. नदी दरीतून माल नेते तेव्हा संपूर्ण प्रदेश हलका होऊन वर येतो, पण शिखरावर नदी नसते. दरी खोल होते, शिखर वर जातं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्टबद्दल हेच मांडलं आहे : सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुण नदी कोसीला मिळाली, तिची कापण्याची ताकद वाढली, आणि त्यातून हलक्या झालेल्या प्रदेशाने एव्हरेस्टला पंधरा ते पन्नास मीटर उंची दिली. ही रक्कम जगातल्या सर्वोच्च शिखराला भूकंपाने दिलेली नाही, नदीने दिली. पश्चिमेला नंगा पर्वताजवळ सिंधू आणि पूर्वेला नामचा बरवाजवळ ब्रह्मपुत्रा, दोन्ही ठिकाणी हाच खेळ अधिक जोरात चालू आहे. जिथे नद्या सगळ्यात वेगाने कापतात, तिथेच खोल पोटातला खडक सगळ्यात वेगाने वर येतो.

हा सगळा जमाखर्च एका आयुष्यात, एका जागी बघायचा असेल तर कच्छला जावं लागेल. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या उत्तर कडेला एक लांबट उंचवटा उभा राहिला. ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंच. सिंधूच्या एका फाट्याला तो आडवा आला. दक्षिणेची जमीन खचली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. हा बांध माणसाने घातला नाही म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं अल्लाह बंद. भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलने आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर दखल घेतली. आणि १८२६ साली, सात वर्षांनी, सिंधूला मोठा पूर आला आणि नदीने तो बांध कापून वाट काढली.

आता तुमच्या मनात येणारा प्रश्न : आपला सह्याद्री असाच झाला का? नाही. कोकणकड्यासमोर उभं राहून पाहा, काळ्या खडकाचे थर आडवे, एकावर एक. टकरीच्या पर्वतातले थर असे शिस्तीत राहत नाहीत, त्यांना वळ्या पडतात. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. त्याआधीच, नऊ कोटी वर्षांच्या सुमाराला, मादागास्कर भारतापासून सुटलं होतं. लाव्ह्याच्या पाठोपाठ सेशेल्सही सुटलं. सह्याद्री म्हणजे फाटलेल्या खंडाची उचललेली कड आहे, आणि कोकणाच्या बाजूने झीज तिला मागे सारत आली आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि तिला भूपट्टांच्या टकरीकडून काही मिळालेलं नाही.

पण टकरीचा जोर आपल्यापर्यंत पोचतो, हे आपल्याला दोनदा कळलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. शिवसागर जलाशयाच्या पाण्याने विभंगातला दाब बदलला आणि भूकंपाला निमित्त दिलं, हे जगभर मान्य झालेलं उदाहरण आहे. पाण्याने निमित्त दिलं, ताण मात्र खडकात आधीपासून होता. तो तपासण्यासाठीच कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी तर सगळ्यांच्या लक्षात आहे. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती पोचवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी. तीव्रता ६.२, सुमारे दहा हजार मृत्यू. दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली. पण विभंगाचा प्रकार पाहिला तर तो दाबाचा होता, एक अंग दुसऱ्यावर चढलेलं. दाबाची दिशा उत्तर-ईशान्य, म्हणजे हिमालयाकडची. भूपट्ट पुढे अडला आहे, आणि त्या अडण्याचा ताण दीड हजार किलोमीटर मागे मराठवाड्याच्या जमिनीतून जातो. किल्लारीजवळ जमिनीवर तेव्हा एक छोटी पायरी उठली होती, हातभर उंच. डार्विनच्या हिशेबाने तो एक हप्ता होता, पण पुढचा केव्हा येईल हे सांगता येत नाही, आणि तोवर नांगर आणि पाऊस तिला ठेवणार नाहीत. म्हणून तिथे पर्वत होत नाही.

शेवटचा मुद्दा चारधामला जाणाऱ्यांसाठी, कारण ते या सभागृहात बरेच असणार. गोरखाच्या पश्चिमेला, पश्चिम नेपाळपासून गढवालपर्यंत, पायथ्यापर्यंत फुटलेला फार मोठा भूकंप १५०५ नंतर झाल्याचं दिसत नाही. १८०३ साली गढवालला मोठा भूकंप झाला, १९९१ ला उत्तरकाशीला ६.८ आणि १९९९ ला चमोलीला ६.६ तीव्रतेचे झाले. वर्षाला दोन सेंटिमीटर म्हणजे पाचशे वर्षांत दहा मीटर. त्यातला काही भाग १८०३ ने वापरला असेल. नेमका किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण ‘छोटे छोटे भूकंप झाले की ताण निघून जातो, मोठा टळतो’ हे जे वाक्य प्रत्येक धक्क्यानंतर ऐकू येतं, ते गणितात बसत नाही. तीव्रतेच्या एका अंकाला ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. आठ तीव्रतेच्या एका भूकंपाइतका ताण मोकळा करायला उत्तरकाशीएवढे साठ भूकंप लागतील, आणि सहा तीव्रतेचे घेतले तर हजार.